टेबलाखालचं ऑफिस

आज अण्णांबद्दल लिहायचं आहे. आठ महिने या वहीत त्यांच्या नावापुढे मी रोज एक आकडा लिहीत आले. तो खोटा निघाला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं तारमास्तर. तोंडानं बोलायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं, पण बोटं सदा चालू. आमची लेक सहा वर्षांची झाली तशी त्यांनी तिला ती बोटांची भाषा शिकवली. टिचकी म्हणजे टिंब, नख ओढलं की रेघ. तिचं नावच त्यांनी 'टिंबू' ठेवलं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली, ते खिडकीपाशी, आणि भिंतीतल्या पाइपावरून दोघांच्या तारा. मी ओट्यापासून ओरडायची, "काय चाललंय गं?"

"तुझ्याबद्दलच आहे, म्हणून सांगत नाही!"

अण्णा मिशीत हसायचे. पोरखेळ म्हणून मी कधी त्यात डोकं घातलं नाही.

लेक मोठी झाली, तो खेळ विसरली, नोकरीसाठी लांब गेली. आठ महिन्यांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, एक बाजू गेली. राहिलं उजवं बोट. चौथ्या दिवशी ते पलंगाच्या दांड्यावर वाजायला लागलं. टक टक टक, खर्रर्र. जरा थांबून पुन्हा तेच.

माझ्या मनानं घेतलं, हा जप आहे. चार ठेक्यांचंच तर देवाचं नाव मी रोज घेते! जन्मभर देवापुढे हात न जोडलेला माणूस शेवटी नामाला लागला, म्हणून मला भरून आलं. मी माळ घेऊन शेजारी बसायची, त्यांच्या ठेक्यावर मणी ओढायची आणि रात्री वहीत संख्या मांडायची. आल्या-गेल्याला कौतुकानं सांगायची. त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले असायचे. मला वाटायचं, समाधान आहे.

मध्ये लेक दोन दिवस येऊन गेली. त्यांच्या उशाशी बसली. बोट वाजत होतं. "आजोबा, पुरे ना, दमाल," म्हणत तिनं ते मुठीत धरून ठेवलं. त्यानंतर महिनाभरात अण्णा गेले.

काल तारऑफिसातले त्यांचे जुने जोडीदार भेटायला आले. "तुझा सासरा बायकोपेक्षा मशीनशी जास्त बोलला, सूनबाई," म्हणून हसले. मी जपाचं सांगितलं, टेबलावर वाजवून दाखवलं. त्यांचं हसू मावळलं.

"परत वाजव."

वाजवलं.

"हा जप नाही गं. ही हाक आहे. तार सोडायच्या आधी समोरच्या ऑफिसला त्याच्या खुणेनं हाक मारायची. तिकडून 'बोल' आलं की मगच मजकूर. ओ आली नाही, तर हाक मारत राहायचं." मग म्हणाले, "पण या खुणेचं ऑफिस आमच्या लाइनवर नव्हतं."

मला ठाऊक होतं कुठे होतं ते. टेबलाखाली लाकडावर खडूनं तीन टिंबं, एक रेघ आणि 'टिंबूचं ऑफिस'. फरशी पुसताना वीस वर्षं बघत आले.

"आणि 'बोल' कसं म्हणायचं?"

"रेघ, टिंब, रेघ."

"एवढंच?"

"एवढंच."

म्हणजे आठ महिन्यांत त्यांनी एक अक्षरही सांगितलं नाही. सांगायला सुरुवातच करता आली नाही. काय होतं पोटात? पाणी हवं होतं? कुठे दुखत होतं? की टिंबूला काही सांगायचं होतं?

आज लेकीचा फोन आला. "आई, आवाज का असा?" म्हणाली. सर्दी झाली म्हटलं. त्या मुठीचं तिला सांगून काय करू?

देवा, तुझ्या नावावर मांडलेले हे आकडे तुझे नव्हते. ते मी खोडते आहे. आज माळ हातात घेतली, पण पुढे सरकली नाही. अण्णांच्या पलंगाच्या दांड्यावर रेघ, टिंब, रेघ वाजवून पाहिलं. गादी गुंडाळून ठेवलेली आहे.