मधल्या वाटेचे भाऊजी

इकडे या, जवळ बसा. उंबऱ्यात उभ्यानं ऐकायची ही गोष्ट नव्हे. आणि आधी मला सांगा, आलात कोणत्या रस्त्यानं? मोठ्याच ना? वाटलंच मला. तुम्ही सगळे एकजात आळशी झालात. डांबर दिसलं की त्यावर पाय टाकायचा, बस दिसली की तिच्यात बसायचं, आणि उतरल्यावर वर म्हणायचं की प्रवास झाला. नागपुरापासून सातपुड्यापर्यंत देवानं जेवढी जमीन केली ती फक्त आपल्या सायकलीखालून जावी म्हणून केली, असं मानणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला दीर म्हणून आला.

आमचं घर नागपुरात, इतवारीतल्या गल्लीत, विणकराचं. भाऊजी हातमागावर बसले की लुगड्याचा काठ असा सरळ विणत, की पाहणाऱ्यानं रेघ मारून घ्यावी. पण मागावरून उठून सायकलीवर बसले की हा माणूस सरळ म्हणून जातच नसे. "डांबरी रस्त्यानं सायकल चालवणं म्हंजे पाटावर बसून पोहणं आहे, वहिनी," असं ते मला सांगत. त्यांना कोथिंबीर आणायला पाठवावं, तर बाजार घरापासून हाकेवर, आणि हे येणार गोरेवाड्याच्या झाडीतून. तोवर इकडे भाजी होऊन, जेवणं होऊन, भांडी घासून झालेली असत, आणि कोथिंबिरीचं पार गवत झालेलं असे. मी काही बोलले की म्हणत, "कोथिंबीर तं रोजच भेटते. आज मोर भेटला."

सायकल काय होती म्हणाल, तर काळी, उंच, घोड्यासारखी हट्टी. चिखल अडकतो म्हणून तिचे मडगार्ड काढून टाकलेले, त्यामुळे भाऊजींची पाठ मानेपासून कमरेपर्यंत बारा महिने सारवलेली असे. ब्रेक म्हणजे उजव्या पायातली चप्पल. ती चाकाला लावायची, की सायकल थांबायची आणि चप्पल झिजायची. त्यामुळे त्यांची डावी चप्पल नेहमी नवी दिसे. साखळीला तेल माझ्या केसांचं! माझी वेणी उंदराच्या शेपटासारखी होत चालली आणि त्या सायकलीची साखळी मात्र तुळतुळीत. घंटी फक्त जंगलात वाजवायची, मोहफुलांच्या दिवसांत, ती खायला आलेल्या अस्वलांसाठी. इतवारीत कधी वाजवत नसत. "अस्वल बिचारं ऐकून बाजूले होते," म्हणायचे, "इथं कोण होते?"

एकदा आमच्या ह्यांना मागे बसवून ते मामाच्या गावाला घेऊन गेले. सासूबाईंचं माहेर खाप्याच्या पलीकडं, कन्हान नदी ओलांडली की टेकड्या लागतात ना, त्यांच्या पोटात. वाट म्हणजे गुरांनी केलेली. सागाच्या पानांतून चढायचं, दगडांवरून उतरायचं आणि नाला आला की सायकलीलाच खांद्यावर घ्यायचं. परत आल्यावर हे दोन दिवस उभ्यानं जेवले. भाऊजी मात्र टवटवीत. "दादाले वाट लई आवडली, वहिनी. सारा वेळ देवाचं नाव घेत होता."

त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. एका ठिकाणी बोलणी झाली होती, पण मुलगी पाहायला गेले ते गुडघ्यापर्यंत चिखल आणि टोपीत काटे घेऊन. मुलीच्या बापानं विचारलं, "वाटेत काही झालं का?" हे आनंदानं म्हणाले, "झालं नं! काय झकास वाट सापडली!" तिथंच सोयरीक संपली. मग त्यांचा सगळा जीव माझ्या लेकीवर, सुमनवर. तिला पुढच्या दांडीवर बसवून फिरवत. पोरीनं आधी झाडं ओळखली आणि मग अक्षरं.

त्याच सुमनचं लग्न ठरलं, उमरेडला. इवाई, म्हणजे सुमनचे सासरे, मानापानाचे. त्यांच्या थोरल्या लेकाच्या लग्नात मुलीकडच्यांची बुंदी कमी पडली होती. ती सून दोन लेकरांची आई झाली, तरी घरात काही सांडलं, फुटलं, करपलं की बुंदी निघायचीच. तेव्हा माझ्या जिवाला एकच घोर. पंगतीत काही उणं पडू नये, नाहीतर माझ्या पोरीच्या पानात ते आयुष्यभर वाढलं जाईल. माणसं मोजून शिधा भरला होता, त्याहून जास्त भरायची ऐपत नव्हती.

तेव्हा आमंत्रण म्हणजे घरी जाऊन हातावर कुंकवाची अक्षत ठेवायची. भाऊजींकडे एकच घर दिलं, मामाचं. ओच्यात मावेल एवढी अक्षतांची पिशवी दिली. ते तीन दिवसांनी आले, पिशवी रिकामी. "सारी मामालेच दिली?" मी विचारलं. "संपली," एवढंच म्हणून ते मागावर जाऊन बसले. मी समजले, नाल्यात सांडली असेल.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी, आणि गल्लीच्या टोकाकडून घंट्या ऐकू आल्या. एक नाही, दोन नाही, देवळात आरती व्हावी तशा. बाहेर येऊन पाहते तर सायकलीच सायकली! चालवणारा धोतर खोचलेला, मागे बायको, दांडीवर लेकरू, हँडलला गाठोडं. गुराखी, कोळसेवाले, नाल्याकाठचा चहावाला, मोहफुलं वेचणाऱ्या बाया. सगळ्या टेकड्या माझ्या मांडवात उतरल्या होत्या. भिंतीला सायकली लागल्या त्या पार गल्लीच्या तोंडापर्यंत. त्याच वेळी इवाई बसमधून उतरले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ह्यांना म्हणाले, "काहून जी, मिलचा संप आहे का?"

मी भाऊजींना पडद्याआड ओढलं. "भाऊजी, हे काय करून ठेवलं? कोणाकोणाले अक्षत देली?"

"ज्याईच्या घरचं पाणी पेलो त्याईले." मान खाली, पण आवाज ठाम. "इतक्या वर्षांचं पाणी आहे, वहिनी. घरात लगन, अन् त्याईच्या दारावरून तसाच जाऊ?"

"मंग पोरीचं लगन त्या सायकलीशीच लावा!" असं म्हणून मी रडायलाच बसले. वरणात पाणी तरी किती ओतणार? शेवटी विहीरच ओतावी लागली असती.

तेवढ्यात टेकडीवरची एक म्हातारी आत आली. लेकाच्या सायकलीवर मागे बसून एवढ्या लांब आली होती आणि कंबर धरून उभी होती. सगळं ऐकलं असावं तिनं. म्हणाली, "रडू नको वं बाई. पयले इवायाले जेवू दे. आमाले काय घाई? आमी तं लगन पाह्याले आलो." आणि खरंच, इवायांच्या पंगती उठेपर्यंत त्यातला एकही माणूस पानावर बसला नाही. मग ते बसले, आणि शेवटच्या शितापर्यंत सगळं संपलं. इवायांना काही कमी पडलं नाही, त्यांनाही पुरलं. उपाशी राहिलो ते आम्ही घरचे. ते पाहून म्हातारीनं आपलं गाठोडं सोडलं, मग दुसरीनं, मग तिसरीनं. वाटेसाठी बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची लाल चटणी. पाहुण्यांच्या शिदोरीवर आम्ही यजमान जेवलो! काही कमी पडलं का हे हुंगायला इवाई आत आले, तर तेही बसले, एक भाकर खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, "अजून आहे का जी चटणी?" आजही भेटले की चटणीचंच विचारतात. सुमनच्या वाट्याला बुंदी कधी आली नाही.

बस निघाली तेव्हा भाऊजी कुठे दिसेनात. मध्यरात्र उलटल्यावर घरी आले, घामानं निथळत. बसच्या मागे सायकल हाणत पार उमरेडपर्यंत गेले होते, आणि तेही डांबरी रस्त्यानं, जन्मात पहिल्यांदा! पोरगी दारातून आत गेलेली दुरून पाहिली आणि तसेच परत फिरले. मुलीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आमच्याकडची रीत. मी तांब्या पुढं केला. ते घटाघट प्यायले, तांब्या पालथा घातला. मग म्हणाले, "मोठा रस्ता लई लांब असते, वहिनी."

आता त्यांचे गुडघे गेले. सायकल ओसरीत उभी आहे, साखळीला मी स्वतः तेल घालते, माझ्याच बाटलीतलं. येणाऱ्याला ते पाणी नंतर विचारतात, आधी विचारतात, "कोणत्या वाटेनं आले?" आणि मोठ्या रस्त्यानं म्हटलं की नुसते "बरं" म्हणतात आणि भिंतीकडे पाहतात. मला ते बघवत नाही. म्हणून म्हणते, पुन्हा एकदा या, लवकर या, होळीच्या आत या. आणि हे बघा, बसनं आलात तरी चालेल, पण गल्लीत शिरण्याआधी पायांना थोडा चिखल लावून घ्या.