सचिवांच्या घरातला भाडेकरू

आमच्या खराडीच्या सोसायटीत नळ सोडला की पाणी येतं, ते माझ्यामुळे. नऊ वर्षं मी सचिव आहे. एका मे महिन्यात तर शेजारच्या सोसायटीकडे निघालेल्या टँकरपुढे मी भररस्त्यात आडवा झोपलो आणि ड्रायव्हरला सत्तावीस मिनिटं उपविधी ऐकवले. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, पाणी घ्या, पाहिजे तर टँकर ठेवून घ्या, पण उठा!" यात दहा-बारा मिनिटं मी वाढवलीत. बाकी सगळं खरं आहे.

तर माझी ओळख काय? टँकर आणणारा माणूस. मी कुणाबरोबर राहतो, ही काय ओळख झाली? असं मी अकरा वर्षं छाती ठोकून सांगत आलो. ज्याच्याबरोबर राहतो, त्यालाच सांगत आलो. तो शनिवार पेठेत वाढलेला, कामानं मुद्रितशोधक. ऐकून घ्यायचा. इथे राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या फॉर्मवर माझ्या नावाखाली त्याचं नाव लिहायचं होतं आणि पर्याय दोनच होते: कुटुंबीय किंवा भाडेकरू. मी भाडेकरूवर खूण केली. म्हटलं, कटकट नको. पुढे सचिव झाल्यावर दर वर्षी मीच त्याची पोलीस पडताळणी करून आणायचो आणि जेवायला आलेल्या मित्रांना तो किस्सा सांगून लोळवायचो. तोही हसायचा. निदान दात दिसायचे.

यंदा सी विंगमधल्या भाडेकरू पोरांनी लिफ्टची अशी रंगपंचमी केली, की आमचे अध्यक्ष काका, बँकेतून निवृत्त झालेले, थरथरत माझ्या दारात आले. "ठराव आणा!" मी आणला. "अविवाहीत भाडेकरूंनी तीन महिन्यांत सदनिका रिकाम्या कराव्यात." आणि सवयीनं घरच्या मुद्रितशोधकापुढे तपासायला ठेवला.

त्यानं वेलांटी खोडली. "अविवाहित. 'हि' ऱ्हस्व." मग कागद परत देत म्हणाला, "मी कुठे जायचं तेही ठरलंय, की तो विषय पुढच्या सभेत?"

"अरे, तू काय त्यात धरलेला नाहीस!"

"मग कशात धरलेला आहे?"

मला राग आला. आधी त्याचाच आला. उत्तर सुचलं नाही की मला समोरच्याचा राग येतो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. तो शेवटच्या रांगेत बसला. मी उभा राहून म्हणालो, ठराव मागे घेतो, कारण तो माझ्या घराला लागतो. काका हसले. "अहो, तुम्हाला कोण जा म्हणतंय? सगळ्यांना माहितीये, कुणाची हरकत नाही. तुमचे ते मित्र तसे चांगलेच आहेत."

तसे! काय सोय केलीये बघा या भाषेनं. 'तो तसा आहे' म्हटलं की समोरचा भुवया उडवतो, आणि 'तसा चांगला आहे' म्हटलं की बोलणारा उदार ठरतो. शिवी आणि शिफारसपत्र एकाच शब्दात.

"तसे म्हणजे कसे?" मी ओरडलो. हिंजवडीत कुणीतरी दचकून लॅपटॉप मिटला असणार.

"हळू बोला हो. लेडीज आहेत."

त्या लेडीजमधलीच एक, बी विंगची आयटीवाली मुलगी, डोळे पुसत उठली आणि मला म्हणाली, "काका, आय ॲम सो प्राउड ऑफ यू! आपण गेटवर रेनबो फ्लॅग लावूया ना! तुम्ही आपल्या सोसायटीची आयडेंटिटी आहात!"

म्हणजे नऊ वर्षं यांच्या टाक्या भरल्या तेव्हा मी कुणी नव्हतो, आणि आता मला गेटवर टांगणार! "बाई, झेंडा नको," मी म्हणालो. "मला रजिस्टरात एक ओळ हवीये. तुम्हा सगळ्यांना ती न मागता मिळते. हॉलमध्ये लग्नाचे फोटो, दारावर दोघांची नावं, गाडीच्या काचेवर पोरांची. तुम्हाला कुणी विचारतं का, की हीच का तुमची ओळख? आमची वेळ आली की सगळ्यांना तत्त्वज्ञान सुचतं!"

आणि ते तत्त्वज्ञान सगळ्यात मोठ्यांदा मीच सांगत आलो होतो. मला परवडत होतं. पोलीस चौकीत फोटो त्याचा लागायचा.

काकांनी रजिस्टर ओढलं. "बरं, बरं. ठराव मागे. भाडेकरू खोडतो. नात्यात काय लिहू? मावसभाऊ?"

"मावसभाऊ कसला! नवरा लिहा, नवरा!"

पंपाची मोटरसुद्धा थांबली. शेवटच्या रांगेतून आवाज आला, "मला विचारलंस?"

"काय?"

"भाडेकरू केलंस तेव्हा विचारलं नव्हतंस. आज नवरा केलास, तेही सभेत, आवाजी मतदानानं." मग काकांकडे वळून म्हणाला, "जागा कोरी ठेवा. मी विचार करून कळवतो."

काकांनी ती कोरी ठेवली. अजून कोरीच आहे. मी दोनशे वेळा तरी विचारलं असेल, चहा पुढे करून, हात जोडून, एकदा तर चक्क हुंदका काढून.

"तुला कसली घाई?" तो म्हणतो. "घर तर तुझ्या नावावर आहे."