संध्याकाळचं दळण

पिठाची मला घाण वाटते, हे माझ्या सासरी कुणाला पटत नाही. गिरणीवाल्याची मुलगी आणि पिठाची घाण? पण वाटते. ताज्या दळणाचा गरम वास आला की लोकांना भाकरी आठवते. मला आमच्या गावची माणसं आठवतात आणि तोंड कडू होतं.

आमचं गाव खर्ड्याच्या पुढं, नगर जिल्हा संपता संपता. ओढा ओलांडला की मराठवाडा. गावात गिरणी एकच, आमची. शेत नावाला होतं, त्यात पोट भरत नव्हतं. घर चालायचं ते गिरणीवर. विजेची मोटर होती आणि आजोबांच्या वेळचं डिझेल इंजिनही वडिलांनी मोडीत काढलं नव्हतं. शाळेत जायच्या आधी आलेले डबे ओळीत लावायचं काम माझं. स्टीलचे डबे, प्रत्येकावर घरधन्याचं नाव कोरलेलं. ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी, असा गिरणीचा नियम.

हा नियम गावाला होता, बौद्धवाड्याला नव्हता. त्यांचं दळण संध्याकाळी, सगळ्यांचं उरकल्यावर. असं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. कारण विचारलं तर लोक म्हणायचे, जात्याच्या पेटीत मागच्याचं पीठ राहतं, ते पुढच्याच्या पिठात येतं. राहतं खरं, मूठभर राहतं. पण गव्हात ज्वारी आली तर कुरकुर व्हायची, बाजरी आली तर व्हायची, आणि त्यांचं काही येऊ नये म्हणून अख्खा दिवस राखून ठेवला जायचा. त्या बायका दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबून यायच्या, दिवेलागणीला गिरणीबाहेरच्या दगडावर डबा घेऊन बसायच्या, मग घरी जाऊन भाकरी थापायच्या. त्यांची पोरं तोवर भुकेली. आजोबांनी हीच पद्धत चालवली आणि वडिलांनीही ती कित्येक वर्षं बिनबोभाट चालवली.

वडील तत्त्वाचे वगैरे नव्हते. ते हट्टी होते, एवढंच. त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून ओढ्यापलीकडचं वातावरण तापलं होतं. ज्यांचं नाव द्यायचं होतं त्यांचा फोटो बौद्धवाड्यात घरोघरी भिंतीवर होता, आणि गावाला तेच नाव नको होतं. एसटी थांब्याजवळच्या हॉटेलात सकाळी पेपर यायचा आणि ज्यांनी विद्यापीठाचं फाटक पाहिलं नव्हतं ते तावातावानं बोलायचे. एकदा वडील चहा पिता पिता म्हणाले, "दिलं नाव तर तुमच्या बापाचं काय जातं? पोरं शिकायला जात्यात का पाटी वाचायला?"

मग सोसायटीचे चेअरमन हसत म्हणाले, "एवढा पुळका आलाय तर तुझ्या गिरनीत दळ की त्यांचं सकाळी."

वडिलांना कुणी असं डिवचलं की संपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बौद्धवाड्यातल्या एका बाईला शेतावर जाताना हाक मारली. मी तिला मावशी म्हणायचे. ती चेअरमनच्याच मळ्यात रोजानं जायची. वडील म्हणाले, "डबा आन. आत्ता दळून देतो, सांजची बसू नको."

मावशीला वाटलं, चेष्टा चाललीय. पण तिनं डबा आणला आणि मी तो ओळीत लावला. तिच्यामागं चेअरमनबाईंचा डबा होता. त्यांनी एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा वडिलांकडं पाहिलं, आणि नाकाला पदर लावून आपला डबा उचलला. नाकाला पदर! ज्वारीचा कसला वास येतो? त्यांच्याच मळ्यातली ज्वारी होती ती, मावशीला सुगीत मजुरीपोटी मिळालेली.

दवंडी पिटली नाही की बैठक झाली नाही. आठवडा उलटेपर्यंत सकाळची ओळ संपली. बौद्धवाड्यातले डबे तेवढे यायचे, दोन मुसलमान घरं यायची, आणि कधी जनावरांच्या भरड्याचं पोतं. बाकी गाव खर्ड्याला जाऊ लागलं. बाजारच्या दिवशी टेम्पोत माणसांपेक्षा डबेच जास्त.

चेअरमन मात्र घरी येऊन गोड बोलून गेले. हा माणूस कधी आवाज चढवून बोलला नाही, आणि मला त्याची जास्त किळस येते ती त्यामुळंच. आईच्या हातचा चहा घेत म्हणाले, "आण्णा, तुमी आमच्यातलेच. मतं काय बी ठेवा. मत काय पोटात जातं व्हय? पन पीठ जातं."

"तुमीच म्हनला हुता दळ म्हनून," वडील म्हणाले.

"गमतीत म्हनलो. तुमी लई मनाला लावून घेता."

ते गेल्यावर आई वडिलांना वाट्टेल ते बोलली. तिलाही मावशीचा डबा पुढं घेणं फारसं रुचलं नव्हतं, हे मी लपवत नाही. पण चूल कशी पेटायची, हे तिचं मुख्य दुखणं होतं. उन्हाळ्यात आम्ही शेळ्या विकल्या.

मी खर्ड्याच्या हायस्कुलात नववीला होते. बाजारपेठेतल्या गिरणीवरून रोज जायचे. तिथं दहा गावचे डबे, पोती, पिशव्या एकमेकांना चिकटून उभ्या. कोण कुणाचं विचारायला कुणाला सवड नव्हती. गिरणीवाला डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत पांढरा झालेला, तो नुसता ओतायचा आणि भरायचा. चेअरमनबाईंचा नाव कोरलेला डबा मी तिथं पाहिला. त्याच्यापुढं ज्या बाईचं दळण चाललं होतं तिच्या पिशवीवर निळं अशोकचक्र होतं. चेअरमनबाई तिला म्हणत होत्या, "जरा सरकता का ताई, ऊन लागतंय."

टेम्पोत त्यांच्या शेजारी बसल्यावर मी विचारलं, "काकू, इथं चालतं का?"

त्यांना राग आला नाही. पोरीला अक्कल नाही अशा नजरेनं माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "अगं, इथं कोन कुनाला वळखतं? आपल्या गावात समद्यांना दिसतं."

म्हणजे पीठ पोटात जातं वगैरे सगळं थोतांड होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.  

पावसाळा गेला. दिवाळी तोंडावर आली आणि खर्ड्याच्या सबस्टेशनातला ट्रान्सफॉर्मर जळाला, खर्ड्याबरोबर आमच्या गावाचीही लाईट गेली. आज येईल, उद्या येईल करत लाईट आलीच नाही. घरोघरी चकलीची भाजणी भाजून तयार, आणि दळायला गिरणी नाही. आमच्याकडं डिझेल इंजिन होतं. सकाळी पट्टा चढवला की त्याचा टकटक आवाज गावभर ऐकू जायचा. आई दारात उभी राहून वाट बघायची. आता तरी येतील, असं तिला वाटायचं.

आले. पण कसे आले ते ऐका.

बौद्धवाड्यातल्या बायकांचे डबे अचानक वाढले. एरवी अर्धा डबा ज्वारी आणणाऱ्या मावशीनं एकाच दिवशी तीन खेपा केल्या, आणि झाकण काढलं की भाजलेल्या डाळी-तांदळाचा आणि धन्या-जिऱ्याचा वास. वडिलांनी विचारलं, "एवढ्या चकल्या कुनासाठी गं?"

मावशी पदरात हसली. "चेअरमनच्या घरचं हाय. नाव घिऊ नका म्हनल्यात."

नाव कोरलेला डबा दिसू नये म्हणून चेअरमनबाईंनी भाजणी गोठ्यात आणून मावशीच्या डब्यात वरून ओतली होती. मावशीच्याच डब्यात. त्यात ती एरवी घरचं पीठ ठेवायची.

आईनं तोंडावर हात ठेवला. "आन् परत घेताना?"

"गोठ्यातच कापड हातरत्यात. मी वरून वतायचं. भवतीनं गोमूत्र शिंपडलं की झालं." ती हे विनोद सांगितल्यासारखं सांगत होती.

मला आजही ते गोमूत्राचं कापड डोळ्यांपुढं येतं. जिच्या मुठीएवढ्या पिठानं यांचं पीठ बाटत होतं, तिच्या डब्यातून, तिच्या डोक्यावरून, तिच्या हातानं यांची दिवाळी चालली होती. आणि दुसऱ्या घरांची भाजणीही अशीच येत होती. प्रत्येक घराला वाटत होतं, ही युक्ती आपल्यालाच सुचली.

वडिलांनी इंजिन बंद केलं. "उचल डबा. ज्याचं दळन त्यानं आनावं म्हनावं."

मावशीचं हसणं गेलं. "आण्णा, असं करू नका. रिकामी गेले तर उद्या मळ्यात घेनार न्हाईत. सुगी माझी जाईल."

"मग सांगतोच मी गावात, कुनाचं कुनाच्या डब्यात येतंय ते."

"सांगा की. तुमचं काय जातंय? माझं नाव फुडं येईल, त्यांचं न्हाई."

वडिलांनी डबा परत जात्यापाशी ओढला. मग त्यांनी इंजिन चालू केलं आणि भाजणी दळली. सगळ्यांची दळली. चांगली बारीक दळली.

पाडव्याला चेअरमन आणि चेअरमनबाई फराळाचं ताट घेऊन आमच्या घरी आले. आमच्याकडं फराळ वाटताना वैर बघत नाहीत, असं म्हणतात. चेअरमननी ताटावरचं कापड स्वतःच बाजूला केलं, एक चकली मोडली आणि वडिलांपुढं धरली. "खाऊन बघा. कशी खुसखुशीत झालीय."

"खर्ड्याला तर लाईट न्हाई. दळली कुठं?" वडिलांनी विचारलं.

चेअरमनबाई दाराबाहेर बघू लागल्या. चेअरमन चकली चावत म्हणाले, "बायकांचं बायकांना ठावं. आपुन कशाला इचारायचं?"

वडिलांच्या सगळं ओठांवर होतं, आणि बोलता येत नव्हतं. बोलले असते तर मावशीची सुगी गेली असती, आणि समोरच्या माणसाला ते पक्कं माहीत होतं. म्हणून तर तो आमच्याच गिरणीतली चकली आमच्याच घरात बसून एवढ्या निवांत चघळत होता.

"झालं गेलं सोडा," तो म्हणाला. "नामांतर झालं, पार जुनं झालं. गावाला गिरनी पायजे, तुमाला गाव पायजे. फकस्त जुनी पद्धत ठेवा. उद्यापास्नं ओळ लावतो."

"न्हाई," वडील म्हणाले.

"बघा बाबा," असं म्हणत चेअरमन उठले. ताट ठेवून गेले. मी त्याला हात लावला नाही. धाकट्या भावानं सगळं संपवलं.

भाऊबीज झाली आणि सकाळी मावशी आली, बिनडब्याची. आत आली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली.

"आण्णा, मी सांजच्यालाच येत जाईन. आमच्यातल्या समद्या बाया येतील सांजच्याला. मी बोललेय त्यास्नी."

"कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई." मग म्हणाली, "मळ्यात चेअरमनबाईनी इचारलं, तुझ्यापायी गिरनी बंद पडली तर तुला बरं वाटंल का? मी म्हनलं, मला कशाला बरं वाटंल?"

म्हणजे आमच्याकडून नकार मिळाल्यावर ते तिच्याकडं गेले होते. हुकूम दिला नाही, धमकी दिली नाही. तिच्या चांगुलपणालाच हात घातला. यापेक्षा घाणेरडं काही मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि मी नंतर शहरात बरंच पाहिलं.

आई चुलीपाशी बसली होती. वडिलांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. अख्ख्या गावापुढं वर्षभर ताठ राहिलेला माणूस, त्याला त्या बाईला नाही म्हणता येईना.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओळ पार रस्त्यापर्यंत गेली. पहिला डबा चेअरमनबाईंचा, नाव कोरलेला, घासून लख्ख केलेला. त्या आईशी तिच्या तब्येतीबद्दल बोलत होत्या. दुपार कलता कलता ओळ संपली, गिरणी रिकामी झाली. वडील बाहेर आले. मावशीला त्या दिवशी मळ्यात काम नव्हतं, ती कधीची दगडावर बसली होती. ते म्हणाले, "ये आत. कुनी न्हाई आता."

"असू द्या," ती म्हणाली. "सांज हुं द्या. कुनी बघितलं तर परत तुमचं वांदं व्हायचं."

आणि ती बसून राहिली, आमच्यासाठी. वडील आत गेले आणि रिकाम्या गिरणीत दिवस मावळायची वाट बघत बसले.

त्यानंतर गिरणी चांगली चालली. माझं पुढचं शिक्षण तिच्यावर झालं, भावानं नवी मोटर घेतली. वडील सकाळी हॉटेलात जात, चहा घेत, पेपर वाचत. निवडणूक असो, कुणाच्या पोरीनं पळून जाऊन केलेलं लग्न असो, चेअरमन मुद्दाम सगळ्यांदेखत विचारायचे, "आण्णा, तुमचं काय मत?"

वडील पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "मला गिरनी हाय."

आणि हॉटेल हसायचं.