मघा काऊन नाई देल्ला?

मघावाले काकाजी कबड्डीच्या मैदानावर कधी ओरडले नाहीत. आमच्या गावात हीच नवलाची गोष्ट होती, कारण बाकी सगळे तिथं ओरडायलाच जमायचे. धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची. एखाद्या रिकाम्या बांधीतली धसकटं खरवडून, शेणानं सारवून मैदान तयार व्हायचं, चारी बाजूंनी फक्कीच्या लाइनी पडायच्या आणि दुपारपासून सामने सुरू. काकाजी गर्दीत उभे राहत नसत. चपला बाजूला काढून ते मागच्या लाइनीच्या कोपऱ्याशी उकिडवे बसायचे आणि अख्ख्या सामन्यात एकच वाक्य बोलायचे, तेही पंचाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "मघा काऊन नाई देल्ला?"

मघाशी बाद का नाही दिला, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या वाक्यावरूनच त्यांचं नाव पडलं. पंचाचा निर्णय चुकला तर काकाजींना फारसं काही वाटायचं नाही. माणूस आहे, चुकणार, म्हणायचे. त्यांचं डोकं फिरायचं ते एकाच गोष्टीचे दोन न्याय झाले की. आमच्या पोराची टाच लाइनीबाहेर गेली तेव्हा शिट्टी वाजली आणि समोरच्या पोराची गेली तेव्हा पंचसाहेब आभाळ पाहत होते, असं झालं की काकाजींच्या कपाळाची शीर तटतटायची. आपल्या गावाला सूट मिळाली तरी तीच शीर तशीच तटतटायची, आणि मग गावातली पोरं त्यांच्यावर चिडायची. "कडक रहा नाईतर ढिल्ला रहा जी," सामना संपल्यावर ते पंचाला सांगायचे, "पन दोघांसाठी दोन नोको राहू."

पंच तरी कसले! दुसऱ्या गावाहून फटफटीवर यायचे, यजमानांच्या घरी कोंबडं खाऊन ढेकर देत मैदानात उतरायचे, आणि पहिला अर्धा तास सगळं सोडून द्यायचे. मग ऊन लागलं किंवा कुणी टोमणा मारला की अचानक कायदा आठवायचा. पब्लिक चवताळायचं, चपला उडायच्या, बायासुद्धा पंचाच्या सात पिढ्या उद्धरायच्या. पण आमच्या लोकांचा राग भज्यांच्या गाडीपर्यंतच टिकायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तोच पंच, तेच कोंबडं. काकाजींना मात्र गेल्या तीन मंडयांमधला प्रत्येक निर्णय पाठ असायचा, आणि ते आठवणीनं तो पंचाला परत करायचे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रुळाकडच्या खडीतली बारीक गिट्टी असायची. पंचानं जिथं बघून न बघितल्यासारखं केलं, तिथं लाइनीच्या बाहेर काकाजी एक गिट्टी ठेवायचे. सामना संपेपर्यंत लाइनीच्या कडेनं पाच-सहा गिट्ट्या मांडलेल्या दिसायच्या. पंचांना त्या गिट्ट्यांचा मोठा राग यायचा. शिव्या ऐकून घेणारा पंच गिट्टी दिसली की कावराबावरा व्हायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. खेळ संपला की काकाजी सगळ्या गोळा करून परत खिशात टाकायचे आणि घरी जायचे.

नोकरी त्यांची रेल्वे फाटकावर. आमच्या गावाजवळून आमगावकडे जाणाऱ्या लाइनीवर ते फाटक होतं आणि ते एकदा पडलं की गाडी गेल्याशिवाय उघडणं नाही, मग सरपंच असो की डोक्यावर तणसाचा भारा घेतलेली त्यांची स्वतःची बायको. त्यांच्या सख्ख्या भाच्याची वरात एकदा फाटकाबाहेर अडकली. बँडवाल्यांनी चार गाणी वाजवली, पाचवं सुरू केलं, नवरदेव घोड्यावर घामाघूम, मुहूर्त निघून चाललेला. बहीण रडत पुढे आली, "दादा, गाडीचा आवाजबी नाई येऊन राह्यला." काकाजी म्हणाले, "काल दारूच्या भट्टीवाल्याले नाई उघडलो. आज तुले कसा उघडू?" पुढे कित्येक वर्षं ती बहीण भाऊबीजेला आली नाही. काकाजी त्यावर हसून बोलायचे, पण दिवाळीत दर गाडीला उठून स्टेशनच्या रस्त्याकडे पाहायचे, हे मला दुर्गानं सांगितलं होतं.

दुर्गा त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली. आम्हा मुलींची कबड्डीची टीम काकाजींनीच उभी केली. मुली चड्डी घालून मांड्या दाखवतात म्हणून गावानं तोंडं वाकडी केली, तेव्हा "पोरांचे नाई दिसत का मांड्या? तवा काऊन नाई बोलले?" असं विचारून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी ते आम्हाला खळ्यावर घेऊन जायचे. दुर्गा कोपऱ्यात खेळायची. कोपऱ्यातल्या खेळाडूला चढाई आली की एक पाऊल मागे सरकावं लागतं आणि तिथून झेप घ्यावी लागते. मागे पाहायला वेळ नसतो. काकाजी लाइनीवर एक गिट्टी ठेवायचे आणि दुर्गाला मागे सरकायला लावायचे. टाच गिट्टीला लागली की पुन्हा. थंडीत तिच्या टाचा फुटून रक्त यायचं, तरी पुन्हा. दोन वर्षांत तिची टाच अशी तयार झाली, की न बघता लाइनीच्या चार बोटं आत जाऊन थांबायची. मी तिच्या शेजारी साखळीत उभी असायची, तिचं मनगट धरून. मला ते चार बोटांचं अंतर तिच्याइतकंच ओळखीचं झालं होतं.

आम्ही बारावीत होतो त्या वर्षी आमच्या गावच्या मंडईत मुलींचे सामने ठेवले. त्या दिवशी एका क्रीडा वसतिगृहाचे सर मुली बघायला येणार होते. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, पण आमच्या टीममधून जागा एकच. ती दुर्गाची, हे न बोलता ठरलेलं होतं. काकूंनी, म्हणजे दुर्गाच्या आईनं, तिच्यासाठी पत्र्याची पेटीसुद्धा रंगवून ठेवली होती. दुर्गाला आलेलं एक स्थळ काकाजींनी त्याच भरवशावर परतवून लावलं होतं.

सकाळच्या सामन्यांत पंचानं नेहमीप्रमाणे वाट लावली. एका टीमला तीनदा सोडलं, दुसरीला तीनदा धरलं. शेवटी पब्लिक मैदानात घुसलं, कुणीतरी पंचाची शिट्टी ओढून घेतली आणि तो फटफटी घेऊन पसार झाला. फायनल बाकी. आमच्या गावचे आणि समोरच्या गावचे लोक आमनेसामने उभे. तेव्हा समोरच्या गावचाच एक म्हातारा म्हणाला, "तुमच्या मघावाल्याले बसवा ना जी. त्याच्यावर आमचा भरोसा हाय."

काकाजी मागे सरले. "माही पोरगी हाय मैदानात," ते म्हणाले. म्हातारा म्हणाला, "म्हनूनच त म्हनतो." दोन्ही गावांनी टाळ्या वाजवल्या. काकाजींनी सदरा काढून मांडवाच्या बांबूला अडकवला, बनियनवर शिट्टी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा लाइनीच्या आत पाय ठेवला. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पण पंच म्हणून ते झकास होते. पहिल्या डावात समोरच्या टीमच्या कोपऱ्यातल्या मुलीची टाच जेमतेम बोटभर बाहेर गेली. त्यांनी वाकून, नीट पाहून तिला बाद दिली. तिच्या लोकांनी कुरकुर केली, पण मानलं. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो. त्यांची सगळ्यात तगडी मुलगी चढाईला आली. दुर्गा एक पाऊल मागे सरकली, टाच टेकवली आणि झेप घेऊन तिचा घोटा असा धरला, की ती मुलगी जागच्या जागी बसली. धूळ उडाली. आणि त्याच वेळी समोरच्या गावानं एकच गलका केला. "काकाजी, टाच बाहेर! मघा आमची देल्ली! मघा आमची देल्ली, आता काऊन नाई देत?"

त्यांचेच शब्द त्यांच्यावर चारी बाजूंनी आले. फक्की दिवसभराच्या पायांनी पुसून गेली होती. काकाजींनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग पब्लिककडे, आणि शिट्टी वाजवली. दुर्गा बाद. पकड फुकट गेली, चढाईची मुलगी सुटली, बरोबरी झाली, आणि उरलेल्या वेळात आणखी एक गुण जाऊन आम्ही एका गुणानं हरलो.

दुर्गानं बापाकडे पाहिलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टीमची कॅप्टन होते आणि तिच्या शेजारी होते. मी खाली मान घातली. ते का, हे शेवटी सांगते, टाळता आलं असतं तर टाळलं असतं. दुर्गा मैदानाबाहेर गेली, बांबूला अडकवलेल्या सदऱ्याच्या खिशातून एक गिट्टी काढली, परत आली आणि जिथं तिची टाच टेकली होती तिथं, पुसलेल्या लाइनीपाशी, ती ठेवून निघून गेली. काकाजी गळ्यात शिट्टी घेऊन त्या गिट्टीकडे पाहत उभे राहिले. समोरच्या गावचे लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते, असा पंच झाला नाही म्हणत होते.

वसतिगृहाच्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. ऐन वेळी पायावर ताबा नाही, असं ते दुर्गाबद्दल म्हणाले आणि कॅप्टनला निवडलं. म्हणजे मला. दुर्गानं मला जाताना आपली रंगवलेली पेटी दिली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सडक अर्जुनीला. तिथं हायवेवर नवऱ्याचा ढाबा आहे, ती दिवसभर तव्यासमोर उभी असते. मी एकदा गेले होते. तिनं बळेच जेवू घातलं, पोरांची नावं सांगितली, कबड्डीचं नाव काढलं नाही. बापाशी ती भांडली नाही. विचारलं तेवढं बोलायची, हो किंवा नाही.

काकाजी त्यानंतर मैदानावर दिसले नाहीत. मंडईच्या दिवशी ते मुद्दाम दुसऱ्याची ड्युटी मागून घ्यायचे. पुढे रिटायर झाले, फाटकही गेलं. तिथं रुळाखालून रस्ता काढला, त्यात पावसाळ्यात कमरेइतकं पाणी साचतं. काकाजी जुन्या फाटकाच्या दगडावर जाऊन बसायचे. येणारी-जाणारी पोरं चेष्टेनं विचारायची, "काकाजी, मघा काऊन नाई देल्ला?" ते नुसते मान हलवायचे. मी वसतिगृहातून शिकले, आज शाळेत पीटी शिकवते, तालुक्याच्या सामन्यांना पंच म्हणून जाते. माझ्या गळ्यात शिट्टी पाहिली की काकाजी उठून उभे राहायचे. मला त्याची इतकी लाज वाटायची, की नंतर नंतर मी शिट्टी पर्समध्ये लपवून त्या वाटेनं जाऊ लागले.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीनं अगदीच दगा दिला. काकू आधीच गेल्या होत्या, म्हणून दुर्गा सेवेला आली होती. मी दुपारी भेटायला गेले. दुर्गा आत भांडी घासत होती. काकाजींनी मला खाटेजवळ बसवलं आणि बराच वेळ दम घेत राहिले.

"त्या दुसऱ्या पोरीची टाच मी पाहून देल्ली," ते म्हणाले. "माह्या पोरीची मी पाह्यलोच नाई. मले लोकंच दिसून राह्यले होते. बाप हाय म्हनून सोडला म्हनतीन, एवढंच डोस्क्यात. मी दोघींसाठी दोन झालो, पोरी."

मी त्यांना घोटभर पाणी पाजलं.

"तू बाजूले होती. टाच आत होती का बाहेर? मले फक्त एवढं सांग."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. बाहेर होती, असं म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं गेला असता. येताना मी तेच ठरवून आले होते. पण त्यांच्यासमोर बसल्यावर ते तोंडातून निघेना.

"आत होती, काकाजी. चार बोटं आत. मी पाहिलं होतं."

तेव्हा मला हात वर करून एवढंच म्हणायचं होतं. काकाजींनी माझं ऐकलं असतं, नक्की ऐकलं असतं. पण वही घेतलेले सर पलीकडे उभे होते, जागा एकच होती, आणि दुर्गाशिवाय दुसरी कोण हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी मान खाली घातली. पंचांनी बघून न बघितल्यासारखं केलेलं काकाजींना चालत नसे. मी तेच केलं, आणि त्यावर माझी नोकरी, माझं घर, सगळं उभं आहे.

मी वाट पाहत बसले. ज्यानं आयुष्यभर येईल त्या पंचाला तो प्रश्न विचारला, तो आता मला विचारणार होता: मघा काऊन नाही सांगितलं? मला तो ऐकायचाच होता. बारा वर्षं मी त्याच प्रश्नाची तयारी करत होते.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. "दुर्गे," त्यांनी हाक मारली, "टाच आत होती वो तुही." आत भांडी पुन्हा वाजू लागली. काकाजींनी डोळे मिटून घेतले आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "च्या पिऊन जाजो." आठ दिवसांनी ते गेले. तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही.