फळीच्या आत

छापखान्याची प्रुफं घरी आणून तपासणाऱ्या बाईंना सगळी बिल्डिंग हळूबाई म्हणायची. चालणं हळू, बोलणं हळू, भांडंसुद्धा त्यांच्या हातून वाजायचं नाही. म्हणूनच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना मांजर दिली.

"वयाने मोठी आहे. मालक गेला, मग दोन घरांतून परत आली. आवाज सोसत नाही हिला. उचलू नका, मागे लागू नका. यायचं तेव्हा येईल."

ती करडी मांजर आली ती थेट पलंगाखाली शिरली. हळूबाई वाटी ठेवायच्या आणि पाठमोऱ्या बसून प्रुफं वाचायच्या. एका सकाळी मागून चाटल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी पान उलटायचंही टाळलं.

त्याच दुपारी धाकटा भाऊ सुताराला घेऊन दारात उभा. ओट्याखाली कपाट हवं, असं त्यांनीच कधीतरी म्हटलं होतं. भाऊ मनाने सोन्यासारखा, पण त्याचं कुजबुजणंही शेजारी ऐकू जाई. "ताई, आज तुझं काम करूनच टाकतो." त्या नको म्हणेपर्यंत ड्रिल सुरू झालं.

त्या धावत खोलीत गेल्या. पलंगाखाली कोणी नव्हतं, आणि फळ्या आणण्यासाठी बाहेरचं दार सताड उघडं ठेवलेलं.

भाऊ गच्चीपर्यंत जाऊन आला, खाली गाड्यांखाली वाकून आला. "मला खरंच माहीत नव्हतं गं," तो म्हणाला.

सुतार घुटमळत होता. "बाई, सिंकखाली मागे भोक होतं. तुम्ही शोधायला गेलात तेवढ्यात मी त्यावर फळी मारली. आत बघितलं नाही."

हळूबाईंनी फळीला कान लावला. आत नखं घासल्याचा बारीक आवाज.

"आत पुढे काय आहे?"

"पाइपांची पोकळी. सरळ तळमजल्यापर्यंत."

म्हणजे घाबरून मागे सरकली की संपलंच. भावाने ड्रिल उचललं. त्यांनी त्याचं मनगट धरलं. सुताराने हातानेच एकेक स्क्रू सोडवला. फळी कुरकुरली आणि आतला आवाज थांबला. टॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले. मागचे पाय ओल्या पाइपवर घसरत होते.

"हात घालून ओढू?" भावाने विचारलं.

"नको. तुम्ही दोघं बाहेर जा. दार लावून घ्या."

"पडली तर?"

"ओढलीस तर नक्की पडेल."

ते गेल्यावर टॉर्च विझवून हळूबाई फरशीवर आडव्या झाल्या, तोंड दुसरीकडे करून, एक हात भोकाशी मोकळा टाकून. झडप घालावी म्हणून तो हात शिवशिवत होता. एवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला आणि पाइपमधून पाणी धडधडत खाली गेलं. आत काहीतरी घसरलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

मग कोपराला ओला पंजा लागला. मांजर त्यांच्या दंडावरून, नखं रोवतच, पलीकडे गेली.

भाऊ जिन्यात बसला होता. "आली?"

हळूबाई मान डोलावून त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

भोकाला जाळी बसली, कपाट मात्र बिनदाराचंच राहिलं. भाऊ आता फोन करून येतो. मांजर मांडीवर येत नाही अजून. प्रुफं चाललेली असतात तेव्हा खुर्चीखाली येऊन बसते.