आप्पांची वेगळी भाकरी

आमचे आप्पा लेकीचं काही खात नसत. माझ्या सासरी आले तेव्हा प्यायचं पाणीसुद्धा घरून घेऊन आले होते! जुनी माणसं असतातच तशी, म्हणून मी हसले होते. पण नवऱ्याला सोडून राजपुऱ्यात माहेरी परतले, शाळेत नोकरीला लागले आणि घरखर्च उचलला, तेव्हा तो नेम आमच्याच स्वयंपाकघरात येऊन बसला.

आप्पा केळीच्या गोदामावर राखण करीत. त्या पगारात त्यांची ज्वारी आणि तूरडाळ यायची. डबे वेगळे, भाकरी वेगळी. आई बिचारी दोनदा डाळ शिजवायची. गॅस माझ्या पैशाचा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि आम्ही कशाला सांगतोय! लाईटबिल मात्र मी भरू लागले तसे ते संध्याकाळी ओट्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली पेपर वाचू लागले. "अहो, आत पंखा आहे!" आई ओरडायची. "रहने दे. बाहेर हवा फुकट आहे."

एकदा चिडून मी विचारलं, "मुलगा असता तर खाल्लं असतं ना?"

"मुलाचं हक्कानं खाल्लं असतं, बेटा. लेकीला द्यायचं असतं. तुझं खाल्लेलं कोणत्या जन्मी फेडू?"

अशा माणसाशी भांडायचं तरी काय!

मग नजर अधू झाली, गोदाम सुटलं. डबा तळाला गेला तशी आप्पांची भूकही आटली. दोन भाकरींची एक, एकीची अर्धी. "म्हातारपणी पोट लहान होतं," म्हणायचे. आईनं गुपचूप माझ्या ज्वारीनं डबा भरला. त्यांची ज्वारी तुकईथड गावच्या एका ओळखीच्या माणसाच्या शेतातली. बाजारची त्यांना पहिल्याच घासाला कळली. ताट सरकवून उठले. मी शपथा घातल्या, पाया पडले. नाही म्हणजे नाही! मी कमावती, आणि माझा बाप माझ्यासमोर वाळत चालला होता. मी हात टेकले.

पुढं विसरणं सुरू झालं. आधी गल्ली विसरले, मग आईला, मग मला. एका दुपारी मी ताट घेऊन गेले तर त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

मी शेजारी बसले. भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून हातात दिला. आप्पांनी खाल्ला. आणखी मागितला. पोटभर जेवले. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

मी त्यांचे हात पुसत होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, एक भाकरी बांधून द्याल? माझी लेक शाळेतून उपाशी येईल."

मी फडक्यात बांधून दिली. ती मांडीवर धरून ते दाराकडे बघत बसले.