हळद लागलेलं घड्याळ

माझ्या मनगटावर आजवर सतरा घड्याळं येऊन गेली. त्यातलं एकही नामांकित कंपनीचं नव्हतं. हे मी रडत सांगत नाही, छाती काढून सांगतो. नावाजलेलं घड्याळ बरं चालतं हे सांगायला माणूस कशाला लागतो? ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही ते चालतं का, हे सांगायला माणूस लागतो. सोनपेठच्या बाजूला आमच्या गावात ते काम बारा-चौदा वर्षं माझ्याकडं होतं. कुणी दिलं नव्हतं. मीच घेतलं होतं.

शाळा माझी दुसरीपर्यंत. आकडे मात्र तेवढ्यात पक्के झाले, आणि घड्याळाला बारा आकडे पुरतात.

सुरुवात परभणीत झाली. कापूस घालायला गेलो होतो. गाडीचा नंबर लागायला दुपार होणार होती, म्हणून स्टेशनाकडच्या गल्ल्या हिंडत होतो. एका बोळात डोळ्याला भिंग लावून एक चाचा बसलेले. सुटे भाग आणून ते आणि त्यांचा भाऊ घरीच घड्याळं जुळवायचे. तबकडीवर नाव-गाव काही नाही. बाराच्या आकड्याखाली बारीक ब्रशानं काढलेली एक चिमणी, बस.

"चालतं का?" मी विचारलं.

"पटेल, मेरे कू नक्को पूछो. आठ दिन पहनो, फिर तुमीच बोलो."

आपला माल गिऱ्हाइकानं जोखावा असं म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. घड्याळ बांधून गावी आलो आणि जोखायला लागलो.

पहिली परीक्षा बैलाची. कोळपताना घड्याळ फडक्यात गुंडाळून डाव्या बैलाच्या गळ्यात, घुंगरमाळेशेजारी बांधायचं. तो बैल स्वभावानं माझ्यावर गेलेला. उगीच मान झटकायचा. त्याच्या गळ्यात दोन दिवस टिकलं ते घड्याळ कुणाच्याही हातावर टिकतं. दुसरी परीक्षा धुळीची. खळ्यावर जोंधळा उफणताना मनगटावर ठेवायचं, काचेच्या आत कण दिसला की नापास. तिसरी परीक्षा हॉटेलात. सकाळच्या सातच्या बातम्यांआधी रेडिओ टुक-टुक करतो, त्याला काटा लावून बघायचा. गावातले बाकीचे लोक एसटीवर घड्याळ लावायचे. ते नामांतराचे दिवस, रस्ते सारखे बंद. बस कधी यायची, कधी जिंतूरलाच अडकून बसायची. बसवर लावलेलं घड्याळ आणि दारुड्याच्या हातातला कंदील सारखेच. रेडिओ मात्र सातला सातच म्हणायचा.

चिमणी तिन्हींत पास झाली. नवव्या दिवशी मी हॉटेलात निकाल सांगितला. हॉटेलवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "काका, बैल पास झाला का घड्याळ?"

"दोघं बी झाले. तुझा चहा तेवढा नापास हाय."

तिथून लोक यायला लागले. कुणी हैदराबादेहून आणलेलं, कुणी जत्रेत घेतलेलं. एक अंधारात हिरवं चमकायचं. त्याला मी म्हणालो, काजवा आहे, घड्याळ नव्हे. एकाची चावी इतकी कडक की उसाची मोळी आवळणारा अंगठाच पाहिजे. एकाचा पट्टा घाम लागला की मनगट काळं करायचा, पण यंत्र आतून सोनं होतं. मी त्याला सुताचा पट्टा शिवायला सांगितलं. तो माणूस अजून दुवा देतो. पुढं ती बटणाची, गाणी म्हणणारी घड्याळं आली. त्यांच्याबद्दल माझं मत एका ओळीचं: बोलायला लय, राहायला न्हाई.

मग लेकीचं लग्न ठरलं. पाथरीकडचं घर, चांगलं शेत, पोरगा कष्टाळू. बैठकीत सगळं जुळलं आणि व्याही शेवटी म्हणाले, "इवाई, टिळ्याला पोराच्या हाताला घड्याळ पाहिजे. पण नावाजलेल्या कंपनीचं."

मी म्हणालो, "माझ्या जावयाला मी जोखलेलं घड्याळ देणार. चिमणीचं."

"कुठली चिमणी? आमी तर नाव बी ऐकलं न्हाई."

"तुमचं नाव तरी आमी कुठं ऐकलं होतं? तरी पोरगी द्यायलोच की."

बैठकीत हसू झालं, पण व्याह्यांचा चेहरा हलला नाही. मग मी माझ्या तोंडानं माझा गळफास विणला. म्हणालो, "टिळ्यापासून नऊ दिवस बांधा. त्यात बंद पडलं तर तुमी म्हणाल त्या कंपनीचं देतो, अन् पुन्हा जन्मात घड्याळाबद्दल तोंड उघडणार न्हाई."

घरी आल्यावर बायको बोलली. फार नाही, एकच वाक्य. "तुमचं तोंड बंद झालं तर बरंच हाय, पण बंद घड्याळाचे बोल पोरीला जन्मभर ऐकावे लागतील."

सकाळ झाली तसा मी परभणीला गेलो, चाचांकडून नवी चिमणी आणली आणि बैलाच्या गळ्यात दोनाऐवजी चार दिवस बांधली. टिळा झाला. जावयानं घड्याळ बांधून घेतलं ते असं, की नारळ धरायचा हात कुठला हेच विसरला.

लग्न आठव्या दिवशी होतं. वऱ्हाड आलं. बैलगाडीतून उतरता उतरताच व्याह्यांनी नवरदेवाचा हात धरून वर केला, सगळ्या मांडवाला दिसेल असा.

"इवाई, किती वाजले?"

"बारा वाजायलेत."

"तुमच्या चिमणीचे साडेधा वाजलेत. कालपासून!"

मांडवात जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. मांडवाच्या आतल्या दारात लेक उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. तिनं मान खाली घातली. मी जावयाचा हात हातात घेतला, घड्याळ कानाला लावलं. टिकटिक नव्हती. मग काचेकडं पाहिलं तर तबकडी पिवळी. कडेनं तेलाचा ओघळ, आणि चिमणी हळदीत बुडालेली.

"हळद लावताना हे काढलं होतं का?" मी विचारलं.

नवरदेवाची धाकटी बहीण, करवली, पुढं झाली. "दादानं काढूच दिलं न्हाई. आमी म्हनलं काढ, तर म्हनला राहू द्या, लोकांना दिसू द्या. मग थोरल्या वहिनीनं मनगटापासून कोपरापर्यंत चोळली."

जावई हळदीपेक्षा पिवळा झाला.

व्याही मागं हटणारे नव्हते. "कंपनीचं असतं तर हळदीनं बंद पडलं नसतं."

"तसं असल तर तुमचा हात आणा हिकडं. तुमचं कंपनीचं हाय न्हवं? हळद हाय, तेल हाय, आता लावून बघू."

व्याह्यांनी हात झटकन सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतला. आता मांडव त्यांना हसला. मी हसलो नाही. मी दिलेला शब्द दिलेला होता. "नऊ दिवसांच्या आत बंद पडलं, हे खरं. कुणामुळं पडलं ते मी बोलत न्हाई. दुसरं घेऊन देतो."

तेव्हा जावई बोलला. "मामा, मला दुसरं नको. हेच दुरुस्त करून द्या."

मी दाराकडं पाहिलं. लेकीची मान वर झाली होती, आणि ती हसायली होती.

लग्नानंतर चाचांकडं गेलो. त्यांनी मागचं झाकण उघडलं, वास घेतला आणि भावाला हाक मारून दाखवलं. "पटेल, तुमे तो घडी की बी शादी कर दिए!" यंत्र धुऊन तेल दिलं, आत घट्ट रबराचं कडं बसवलं. यंत्र सुरू झालं. तबकडीचा डाग मात्र गेला नाही. चिमणी पिवळी ती पिवळीच राहिली. पुसून नवी काढू का म्हणाले, मी नको म्हणालो.

हॉटेलात मी तोंड बंद ठेवलं. लोक घड्याळ पुढं करायचे, मी कानाला लावायचो, बैलाला बांधायचो आणि नवव्या दिवशी मान हलवायचो, उभी किंवा आडवी. तोंड उघडणार नाही म्हणालो होतो; मान हलवणार नाही असं कुठं म्हणालो होतो? हॉटेलवाला म्हणायचा, "काकाला गप बसवणारं घड्याळ शेवटी निघालं बुवा."

असं वर्षभर चाललं. लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणायला गेलो तेव्हा जावयाच्या हाताला पिवळी चिमणी होती, पट्टा तेवढा नवा. तिकडं त्याला सगळे हळद्या म्हणायला लागले होते आणि तो खुशीत ऐकत होता. व्याह्यांनी पाणी दिलं, चहा दिला. मग इकडंतिकडं बघून खिशातून एक घड्याळ काढलं. तबकडीवर कसलंसं बारीक झाड, नाव कुणाच्या बापानं ऐकलेलं नसावं.

"बाजारात घेतलं. कसंय?"

मी ओठांवर बोट ठेवून मान हलवली.

"बोला की, इवाई! जाऊ द्या तो शब्द, मीच सोडला तुमाला त्यातून. कुठवर मान हलवत बसता?"

आत लेक आणि तिची सासू ऐकायला थांबल्या होत्या, हे मला बांगड्यांवरून कळलं. मी घड्याळ कानाला लावलं, चावी फिरवली, काच अंगठ्यानं दाबून पाहिली आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"आवाज बरा हाय," मी म्हणालो. "पण आधी हळद लावून आणा."